दोन तट पाडणाऱ्या आत्मकथनावर चर्चा कशी घडवावी : 'ईट, प्रे, लव्ह'च्या निमित्ताने

एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकी लेखिकेचे 'ईट, प्रे, लव्ह' हे आत्मकथन २००६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या जगभरात एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि २०१० साली ज्युलिया रॉबर्ट्सला घेऊन त्यावर चित्रपटही निघाला. तरीसुद्धा वाचक-मंडळाच्या बैठकीत या पुस्तकाचे नाव निघाले की दहांतली चार माणसे ते डोक्यावर घेतात, चार नाके मुरडतात आणि उरलेली दोन चित्रपट पाहून आलेली असतात. संयोजक सावध नसेल, तर चर्चा पाव तासात लेखिकेच्या चारित्र्यावर येते आणि पुढच्या पाव तासात उपस्थितांपैकी कोणाच्या तरी सुनेवर. हा लेख वाचनकट्टा, भिशीतून निघालेला वाचनगट किंवा ग्रंथालयातली मासिक बैठक चालवणाऱ्या संयोजकासाठी आहे, आणि या एका पुस्तकावर दोन बैठका नेमक्या कशा घ्याव्यात एवढेच त्यात सांगितले आहे.

माझे म्हणणे असे आहे की या पुस्तकावरून होणारा वाद बहुतेक वेळा पुस्तकाविषयी नसतोच. खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाला दुःखी होण्याचा, आणि ते दुःख चारचौघांत सांगण्याचा हक्क आहे की नाही, यावर लोक भांडत असतात. हा प्रश्न खरा आहे, परंतु तो पुस्तक न वाचताही सोडवता येतो किंवा न सोडवता सोडून देता येतो. म्हणून संयोजकाचे पहिले आणि शेवटचे काम म्हणजे बोलणाऱ्याला पुन्हा पुन्हा पानावर आणणे.

बैठकीआधी

संयोजकाने स्वतः पुस्तक पूर्ण वाचलेले असावे, आणि त्याची रचना त्याला नीट सांगता आली पाहिजे. तिशी ओलांडलेली, न्यूयॉर्कजवळ मोठे घर असलेली, लेखनावर उत्तम चाललेली एक स्त्री लग्नातून बाहेर पडते, घटस्फोटाच्या रखडलेल्या भांडणात आणि त्याच काळातल्या दुसऱ्या एका प्रेमप्रकरणात पार खचते, आणि मग एक वर्ष प्रवासाला निघते. पहिले चार महिने ती रोममध्ये राहून इटालियन शिकते आणि मनसोक्त जेवते, पुढचे चार महिने भारतातल्या एका आश्रमात काढते, आणि शेवटचे चार बाली बेटावर. पुस्तकात १०८ छोटी प्रकरणे आहेत, प्रत्येक देशाला ३६. ही मांडणी जपमाळेवरून घेतल्याचे लेखिका प्रस्तावनेत सांगते, प्रस्तावनेलाच ती मेरुमणी म्हणजे १०९ वा मणी मानते, आणि आपण हे सारे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहीत आहोत याचीही तिला गंमत वाटते. आपल्याकडे ज्यांच्या घरात रोज माळ ओढली जाते, त्यांना या रचनेचे कौतुक वाटेलच असे नाही. पण तिने मांडणीचा विचार केला आहे, हे पुस्तक म्हणजे रोजनिशीची पाने एकत्र शिवलेली नाहीत, एवढे आरंभीच सांगून टाकले की 'हिने जे सुचले ते लिहिले' हा आक्षेप टिकत नाही.

एका बैठकीत तिन्ही भाग उरकण्याचा मोह टाळावा. पहिल्या बैठकीला इटली आणि घटस्फोट, दुसरीला आश्रम आणि बाली, अशी विभागणी सोयीची पडते. इटलीच्या भागाला फार वेळ देऊ नये. तो वाचायला सर्वांत चटपटीत आहे. नेपल्समध्ये ती आणि तिची मैत्रीण एकेक अख्खा पिझ्झा संपवून दुसरा मागवतात, ते प्रकरण कोणालाही आवडते आणि कोणालाही आवडते म्हणूनच त्यावर बोलण्यासारखे थोडे असते. एवढे मात्र विचारावे की बाईमाणसाने वजन वाढल्याची फिकीर न करता जेवावे आणि मोठ्या मापाची जीन्स विकत घ्यावी, हे वाचताना कोणाला मोकळे वाटले आणि कोणाला अवघडले. या एका प्रश्नाने बसलेली माणसे बोलती होतात.

प्रत्येकाला आठवडाभर आधी एक कार्ड द्यावे आणि त्यावर दोनच पान क्रमांक लिहून आणायला सांगावे : जिथे लेखिका अगदी आपली वाटली ते एक पान, आणि जिथे पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले ते दुसरे. दोन्ही क्रमांक लिहिणे सक्तीचे असावे. ज्याला पुस्तक फार आवडले त्यालाही खटकलेले पान शोधावे लागते, आणि ज्याला ते सहन झाले नाही त्यालाही एखादे तरी बरे पान काढावे लागते. अनुभव असा की कार्डे गोळा करून वाचली तर दोन्ही तटांतल्या लोकांचे पान क्रमांक बऱ्याचदा एकमेकांच्या आसपास येतात, आणि तिथूनच पहिली बैठक सुरू करणे उत्तम. पहिल्या फेरीत 'आवडले' आणि 'आवडले नाही' हे शब्द उच्चारायचे नाहीत, फक्त पान मोठ्याने वाचायचे, असा नियम ठेवावा. तो काही जणांना शाळकरी वाटेल, तरी सोडू नये.

चित्रपट पाहून आलेल्यांना बाहेर ठेवता येत नाही आणि ठेवूही नये, पण त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. एक म्हणजे चित्रपटातली आश्रमाची दृश्ये हरियाणातल्या पतौडी येथे घेतलेली आहेत. दुसरी म्हणजे तुळसी या मुलीचे चित्रपटात थाटात लग्न लागते, तर पुस्तकातली तुळसी ही मंदिराची फरशी लेखिकेबरोबर घासणारी, मुलग्यासारखी वागणारी, लग्न या विषयाचाच धसका घेतलेली अल्पवयीन मुलगी आहे. हा फरक किती मोठा आहे हे दुसऱ्या बैठकीत कळेल.

'सुख दुखते' हा आक्षेप

हा आक्षेप येणारच, आणि तो याच शब्दांत येईल : घर आहे, पैसा आहे, नवरा मारझोड करत नाही, मग हिला झाले तरी काय? हिचे सुख दुखते आहे. संयोजकाने या आक्षेपाला दडपू नये आणि लेखिकेचा वकील होऊ नये. त्याऐवजी पहिल्या भागाच्या आरंभीचे न्हाणीघरातले प्रकरण वाचायला घ्यावे.

नोव्हेंबरमधली रात्र आहे, पहाटेचे तीन वाजले आहेत, नवरा खोलीत झोपला आहे आणि ही बाई न्हाणीघराच्या फरशीवर बसून रडते आहे. असे ती सलग कित्येक रात्री करत आली आहे. तिला लग्नात राहायचे नाही आणि मूल नको आहे, पण हे दोन्ही विचार स्वतःशी कबूल करण्याचीही तिला भीती वाटते. त्या रात्री ती आयुष्यात पहिल्यांदा देवाशी बोलते. आता इथे वाचणाऱ्याला थांबवावे आणि सर्वांना विचारावे की पुढचे बोलणे कोणत्या सुरात वाचायचे. कारण ती देवाला आधी स्वतःची ओळख करून देते, एखाद्या मेजवानीत पाहुण्याला भेटावे तशी, आणि आपण त्याच्या कामाचे कधीपासूनचे चाहते आहोत असेही सांगते. हे वाक्य काहींना विनोदी वाटते, काहींना उथळ, आणि काहींना रडता रडता सुटलेल्या हसण्यासारखे खरे. ज्यांना हा सूर पटतो त्यांना पुढची तीनशे पाने पटतात. ज्यांना पटत नाही त्यांची तक्रार इथेच जन्माला येते, पैशांचे निमित्त तिला मागाहून मिळते. प्रार्थनेला उत्तर म्हणून तिला जो आवाज ऐकू येतो तो तिचाच आहे आणि तो एवढेच सांगतो की जा, झोप. लग्न मोडावे की नाही याचे उत्तर तो देत नाही. माझ्या मते संपूर्ण पुस्तकात संयमाने लिहिलेली जी थोडी पाने आहेत त्यांत हे पान फार वर लागते.

हे वाचून झाल्यावर पैशांचा मुद्दा काढावा, कारण तो खोटा नाही. हा प्रवास आपल्याला कसा परवडला हे लेखिका लपवत नाही : आपण पुढे लिहिणार असलेले प्रवासाचे पुस्तक प्रकाशकाने आधीच विकत घेतले आहे, असे ती पहिल्या भागातच सांगते. ती नवखी लेखिकाही नव्हती. तिचे 'द लास्ट अमेरिकन मॅन' हे चरित्र २००२ साली अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होते. तेव्हा 'तिला परवडले म्हणून ती गेली' हे विधान खरे असले तरी त्यातून फार काही निघत नाही. अधिक टोकदार प्रश्न हा आहे की ज्या वर्षाचे पुस्तक आधीच विकले गेले आहे, ते वर्ष माणूस जगतो की लिहिण्यासारखे घडवतो? आश्रमात काहीच उमगले नसते, बालीमध्ये कोणी भेटले नसते, तर पुस्तक कसे संपले असते? हा प्रश्न टाकला की पुस्तकाचे चाहतेही विचारात पडतात आणि विरोधकांना नुसत्या हेव्याच्या पलीकडे जावे लागते.

इथे काळाचा क्रमही सांगावा. हे पुस्तक निघाले तेव्हा त्याचे स्वागत एकंदरीत सलोख्याने झाले होते. २००७ साली ओप्रा विन्फ्रीने आपल्या अमेरिकी दूरचित्रवाणी-कार्यक्रमात ते उचलून धरले, कागदी बांधणीची आवृत्ती घराघरांत गेली, आणि चित्रपटाच्या वेळी तर त्याच्या नावावर अत्तरे आणि दागिनेही विकायला आले. 'बिच' या अमेरिकी स्त्रीवादी त्रैमासिकाने २०१० साली अशा पुस्तकांसाठी 'प्रिव्ह-लिट', म्हणजे सुखवस्तूंचे साहित्य, असा शब्दच काढला. ज्या आत्मशोधाचा खर्च बहुतेक वाचकांना झेपणार नाही तो सर्वांसाठीचा मार्ग म्हणून विकला जातो, असा त्या लेखाचा रोख होता. दुसऱ्या बाजूला २०१६ साली याच पुस्तकामुळे आपण नोकरी, लग्न, शहर किंवा धर्माविषयीची समजूत कशी बदलली हे सांगणाऱ्या वाचकांच्या लेखांचा एक संग्रह 'ईट प्रे लव्ह मेड मी डू इट' या नावाने निघाला. आपल्या गटातला राग नेमका कशावर आहे, पुस्तकावर की त्याच्याभोवती भरलेल्या जत्रेवर, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे, असे सुचवून हा विषय आवरता घ्यावा. तो लांबवला तर बैठक तिथेच संपते.

नवऱ्याची बाजू

दुसरा आक्षेप नवऱ्याविषयीचा. पुस्तकभर तो जवळजवळ अदृश्य आहे. लग्न का मोडले याचे धड कारण कळत नाही, आणि आपण या बाबतीत निःपक्षपाती राहू शकणार नाही, तेव्हा त्याच्या बाजूविषयी बोलत नाही, असे लेखिका सांगून मोकळी होते. काही वाचकांना हा सभ्यपणा वाटतो, काहींना पळवाट.

मराठी गटात या जागी सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी'ची आठवण काढणे फार उपयोगी पडते. ते १९९० साली प्रसिद्ध झाले तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकांत असेच दोन तट पडले होते, आणि मंडळातल्या ज्येष्ठ सभासदांना ते वाद अजून तोंडपाठ असतात. सुनीताबाईंवर ठपका असा होता की त्यांनी अवघ्या महाराष्ट्राच्या लाडक्या पुलंविषयी, घरातल्या नवऱ्याविषयी, इतके उघड का लिहिले. गिल्बर्टवर ठपका असा की तिने नवऱ्याविषयी काहीच का लिहिले नाही. दोन्ही ठपके एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात, आणि तसे झाले तर संयोजकाने ते हसतमुखाने दाखवून द्यावे. मग विचारावे की लग्नाविषयी लिहिणाऱ्या स्त्रीने जोडीदाराला किती जागा द्यावी म्हणजे आपले समाधान होईल? याचे उत्तर देताना लोक आपापल्या घरांविषयी बोलू लागतात. ते काही वेळ चालू द्यावे, पण दोन्ही पुस्तके तुलनेला समोरासमोर उभी करून कोणते श्रेष्ठ ते ठरवू नये. दोघींच्या लेखनाची जातकुळीच निराळी आहे, आणि सुनीताबाईंची स्वतःला कोर्टात उभे करण्याची सवय गिल्बर्टमध्ये शोधायला गेले तर ती सापडत नाही.

आश्रम

दुसऱ्या बैठकीचा बराचसा वेळ आश्रमाला द्यावा. मला स्वतःला पुस्तकाचा हा भाग सर्वांत सकस वाटतो, आणि मराठी वाचकाला त्यावर बोलण्याचा खास अधिकार आहे. लेखिका मुंबईच्या विमानतळावरून रात्री टॅक्सीने निघून पहाटेच्या आरतीला आश्रमात पोहोचते. तिने गुरूंचे किंवा स्थळाचे नाव कुठेही दिलेले नाही, पण हा आश्रम म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीचे गुरुदेव सिद्धपीठ होय, असे नंतर वृत्तपत्रांनी छापले. गटातल्या कोणी ना कोणी गणेशपुरीला नित्यानंदांच्या समाधीचे दर्शन घेतलेले असते आणि वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत पाय सोडून बसलेले असते. त्यांना आधी बोलू द्यावे. मात्र तिथून गाडी गुरूंविषयीच्या ऐकीव गोष्टींकडे वळू लागली की ती तत्काळ परत आणावी. लेखिकेने नाव न देण्याने काय साधले आणि काय टाळले, हा चर्चेचा विषय आहे. मठाची चौकशी करणे हा वाचक-मंडळाचा विषय नाही.

वाचनासाठी गुरुगीतेची प्रकरणे निवडावीत. आश्रमात रोज पहाटे १८२ श्लोकांची गुरुगीता म्हटली जाते, त्याला दीड तास लागतो, आणि लेखिकेला ती मुळीच सोसत नाही. तिला घाम फुटतो, चीड येते, ती पाठ चुकवू लागते. शेवटी जायचे ठरवते तेव्हा खोलीतली सोबतीण चुकून बाहेरून कुलूप लावून गेलेली असते, म्हणून ही खिडकीतून उडी मारते आणि खरचटलेल्या पायाने मंदिरात जाऊन बसते. मग तिला युक्ती सुचते : आपल्यासाठी म्हणता येत नाही ना, तर झोप न येणाऱ्या लहानग्या भाच्यासाठी म्हणावी. आणि पाठ जमू लागतो. गुरुचरित्राच्या ज्या प्रतींत ४९ वा अध्याय म्हणून गुरुगीता येते, त्या प्रतीवरून पारायण केलेला एखादा सभासद गटात असेल तर ही पाने त्याच्याकडूनच वाचून घ्यावीत. आपल्याकडच्या सश्रद्ध माणसाला वाटते की परदेशी बाई आपल्या पोथीला नावे ठेवते आहे. पण सात दिवसांच्या पारायणात तिसऱ्या दिवशी मन कसे उठते, मांडी कशी दुखते आणि लक्ष घड्याळाकडे कसे जाते, हे त्याला तिच्याइतकेच ठाऊक असते, फक्त ते बोलायची आपल्यात रीत नाही. कुणासाठी तरी संकल्प सोडून पाठ करणे ही तर आपली जुनीच पद्धत. तिने ती स्वतः शोधून काढल्यासारखी सांगितली आहे, याचा राग येणाऱ्यांनी तो जरूर मांडावा.

याच भागात आणखी एक पान आहे. ती बागेत बसून ठरवते की आज डास चावले तरी हलायचे नाही, आणि बसून राहते. नंतर अंगावरच्या गांधी मोजते. पुढे याच आश्रमात तिला आलेल्या परमोच्च अनुभूतीचे वर्णन येते, मोठ्या शब्दांत, भरपूर उपमांनी. ही दोन पाने लागोपाठ वाचून घ्यावीत. मला डासांचे पान खरे वाटते आणि दुसरे ऐकलेले वाटते, पण गटात याच्या उलट मत असणारे लोक भेटतात, आणि त्यांच्या म्हणण्याला वजन असते, कारण अनुभूतीचे वर्णन करायला धजावणे हेच मुळी काहींना धाडसाचे वाटते. आपण आता मौन धरायचे असा निश्चय ती करते आणि आश्रम तिला नेमके शिबिरार्थींची सरबराई करण्याच्या, म्हणजे दिवसभर बोलण्याच्या कामावर नेमतो, हा प्रसंग मात्र दोन्ही तटांना आवडतो. ती स्वतःला हसते तेव्हा तिच्याविषयीचा राग ओसरतो, हे संयोजकाने लक्षात ठेवावे आणि चर्चा तापली की असे पान काढावे.

मग तुळसीकडे यावे. 'यात भारत कुठे आहे?' हा आक्षेप बरोबर आहे की नाही हे तिच्या प्रकरणावरून तपासता येते. सहा आठवडे आश्रमात राहून मग देश पाहायचा असा लेखिकेचा बेत होता, तो तिने बदलला आणि चारही महिने आतच काढले. तेव्हा तिला रस्त्यावरचा भारत दिसला नाही ही तक्रार तितकीशी लागू पडत नाही. तिने तो पाहिल्याचा आवही आणलेला नाही. परंतु उपशीर्षकात तीन देशांतून 'सर्व काही' शोधण्याची भाषा आहे, आणि आतल्या पानांत गणेशपुरीच्या पंचक्रोशीतली माणसे कडेने जातात. तुळसी हा एक अपवाद. लग्नाच्या बाजारात आपली किंमत कशी होणार आहे हे ती मुलगी फरशी घासता घासता सांगते, आणि घटस्फोटित अमेरिकी बाई ऐकते. या संवादात लेखिकेने तुळसीचे किती ऐकले आणि ते ऐकून स्वतःच्या गोष्टीकडे किती लवकर परतली, हे ओळी मोजून पाहण्यासारखे आहे. गटाने खरोखर ओळी मोजाव्यात. ज्यांना ही लेखिका आत्ममग्न वाटते त्यांना यातून हवा तो पुरावा मिळेल किंवा मिळणार नाही, पण जे मिळेल ते पानावरचे असेल.

बालीतले घर

बालीच्या भागात प्रेमकथा आहे आणि एका घराची कथा आहे. प्रेमकथेवर सर्वांना बोलायचे असते. स्वतःला शोधायला निघालेली बाई शेवटी एका प्रेमळ, वयाने मोठ्या ब्राझिलियन माणसाच्या मिठीत का विसावते, हा प्रश्न लेखिकेलाही दिसला होता, म्हणूनच अखेरच्या पानांत ती सांगते की मला कोणा राजपुत्राने सोडवले नाही, माझी सुटका मीच केली. ते पटते की नाही यावर हात वर करायला सांगून पुढे जावे. यातून नवे काही निघत नाही.

घराची कथा मात्र सोडू नये. उबुडमध्ये झाडपाल्याची औषधे देणारी वायान ही मारकुट्या नवऱ्यापासून सुटलेली बाई, तिची मुलगी आणि तिने सांभाळलेल्या दोन अनाथ मुली, यांना स्वतःचे घर नाही. लेखिकेचा वाढदिवस जवळ आलेला असतो. ती जगभरच्या मित्रमंडळींना ईमेल पाठवते की भेटवस्तूऐवजी पैसे द्या, आणि सुमारे १८,००० डॉलर जमतात. इथपर्यंत सर्वांचे डोळे पाणावतात. मग वायान जमीन घ्यायला उशीर लावते. मुहूर्त पाहते, जागा नाकारते, आणखी पैशांचे सुचवते. लेखिकेला आपण फसवले जातो आहोत अशी शंका येते, आणि शेवटी ती वायानला एक खोटे सांगून धाकात घेते की पैसे देणारे चिडले आहेत, लवकर जमीन घेतली नाहीस तर पैसे परत जातील. जमीन घेतली जाते.

या प्रकरणावर किमान अर्धा तास ठेवावा. गटाचे दोन भाग करून एकाला वायानच्या बाजूने आणि दुसऱ्याला लेखिकेच्या बाजूने बोलायला लावणे इथे योग्य ठरते, मग ज्यांना पुस्तक आवडते त्यांनाच वायानची बाजू द्यावी. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत हा भाग वेगळ्याच रंगाने वाचला जाईल, कारण गावाकडच्या घरासाठी, बहिणीच्या प्लॉटसाठी किंवा भाच्याच्या शिक्षणासाठी पैसे पाठवून मग 'काम कुठवर आले' असे फोनवर विचारण्याचा प्रसंग तिथे अनेकांवर आलेला असतो, आणि इकडे तो फोन घेणारेही पुष्कळ असतात. दिलेल्या पैशांचा वेग कोणी ठरवायचा? देणाऱ्याला खोटे बोलण्याची मुभा असते का, आणि घेणाऱ्याला? लेखिकेने स्वतःचे हे खोटे छापून टाकले आहे. तिने ते कबुली म्हणून लिहिले की चातुर्य म्हणून, हे ओळींच्या सुरावरून ठरवावे लागते, आणि त्यावर एकमत होणे अवघड आहे.

कोणी स्वतःविषयी बोलू लागले तर

या पुस्तकाच्या बैठकीत हे हमखास घडते. न्हाणीघराचे पान वाचून झाल्यावर एखादी बाई शांतपणे सांगते की मीही अशी बसले होते. त्या वेळी पुस्तक बाजूला ठेवावे, तिचे ऐकावे, सल्ला देऊ नये आणि कोणी देऊ लागल्यास थांबवावे. बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावे की इथे बोललेले खासगी काहीही गटाच्या व्हॉट्सॲपवर किंवा इतिवृत्तात जाणार नाही. नवरा-बायको दोघेही एकाच मंडळाचे सभासद असतील तर त्यांना शेजारी बसवू नये, म्हणजे एकाच्या मतावर दुसऱ्याच्या चेहऱ्याची पहारेदारी होत नाही. मूल नको असण्याचा विषय निघाला की गटातल्या अपत्य नसलेल्या सभासदाकडे आपसूक माना वळतात. संयोजकाने अशा वेळी दुसऱ्याच कोणाला तरी नावाने हाक मारून प्रश्न विचारावा. ही खबरदारी न घेतल्यास ती व्यक्ती पुढच्या महिन्यात येत नाही.

नंतरच्या आयुष्याचे काय करावे

शेवटी कोणी तरी फोन काढून वाचून दाखवते की पुस्तकातल्या त्या ब्राझिलियन माणसाशी तिने २००७ साली लग्न केले आणि २०१६ साली ते दोघे वेगळे झाले, मग ती आपल्या जिवलग मैत्रिणीबरोबर, राया इलायसबरोबर राहिली, आणि ती मैत्रीण २०१८ च्या जानेवारीत कर्करोगाने गेली. ही माहिती हाती आली की विरोधकांना जिंकल्यासारखे वाटते आणि चाहत्यांना फसवल्यासारखे. दोन्ही बैठका संपेपर्यंत ती बाहेर ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. २००६ साली छापलेल्या पानावर २००६ पर्यंतचेच माणूस असते, आणि पुढे लग्न टिकले नाही म्हणून डासांचे पान वाईट होत नाही, जसे ते टिकले असते म्हणून अनुभूतीचे पान चांगले झाले नसते.

ज्यांना पुढचे वाचायचेच असेल त्यांनी २०१० सालचे 'कमिटेड' घ्यावे. त्यात ती त्या दुसऱ्या लग्नाकडे कशी नाइलाजाने आली हे आहे, आणि विवाहसंस्थेविषयीचा अभ्यासही बराच आहे, त्यामुळे चर्चेला ते तुलनेने सोपे जाते. राया इलायसच्या आजारपणावर आणि त्या नात्यातल्या व्यसनांवर लिहिलेले 'ऑल द वे टू द रिव्हर' २०२५ साली आले असून त्यावरही वाचकांत फूट पडलेली आहे. त्यासाठी स्वतंत्र बैठक ठेवावी, ती लगेचच्या महिन्यात ठेवू नये, आणि आधी घरी शुश्रूषा केलेल्या किंवा व्यसनी माणसाबरोबर राहिलेल्या सभासदांना खासगीत विचारून घ्यावे की हा विषय त्यांना चालेल का.